दुकानामागच्या बोळात गाड्या थांबू नयेत म्हणून काय लावावं? (बजेट ३०००)

पेठेतला_कापडवाला: नमस्कार मंडळी. लक्ष्मी रोडला लागून दुकान आहे, मागचं शटर बोळात उघडतं. बोळ जेमतेम नऊ फुटी, माल तिथूनच येतो. पण लोक शटरसमोर दुचाकी लावतात, ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणतात आणि अख्खी तुळशीबाग फिरून येतात. परवा गठ्ठे पुढच्या दाराने, ऐन गिऱ्हाइकांतून आणावे लागले. पाटी, खांब, साखळी, काय चालतं? कॅमेरा सुचवू नका, आहे.

तिरपागडा: घडीचे लोखंडी खांब, किल्लीवाले. मी फॅब्रिकेटरकडून चार करून घेतले, २२ हजार, पावडर कोटिंगसकट. एकदाच काय तो खर्च करा.

पेठेतला_कापडवाला: बजेट ३००० लिहिलंय हो.

जुनाजाणता: जुना टायर घ्या, मधे पाइप उभा करा, सिमेंट ओता. ६०० रुपयांत काम. आमच्याकडे तीन वर्षं ठणठणीत.

घारुअण्णा_धाकटे: टायर माझ्याकडेही होता. दोघांनी मिळून सरकवला आणि वर हेल्मेट अडकवून गेले. पावसाळ्यात पाणी साठून डास झाले ते वेगळंच.

जुनाजाणता: सिमेंट कमी पडलं असणार. काठोकाठ भरल्यावर पाणी साठेल कुठे?

शनिवारचा_बाळ: पुण्यात राहून पाटीचा सल्ला मागता? ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ विषय संपला.

अनुस्वार: ‘सोडण्यात येईल’ हे सरकारी मराठी. ‘हवा सोडू’ लिहा, धाक वाटतो.

घारुअण्णा_धाकटे: मी खरंच सोडली होती एकदा. गाडी आमच्या व्याह्यांची निघाली. दिवाळीपर्यंत बोलणं बंद.

यारा_काठचा: आमच्याकडे मेलबर्नला दुकानांमागे अशाच गल्ल्या आहेत. ‘नो पार्किंग’ असेल तर माणूस-सामान उतरवायला दोन मिनिटं चालतात, तेही ड्रायव्हरने गाडीपासून तीन मीटरच्या आत राहायचं. ‘नो स्टॉपिंग’ला तेवढंही नाही. आणि लोक पाळतात.

तिरपागडा: तीन मीटर? यांचा बोळच पावणेतीन मीटरचा आहे.

साळसूद: फरक आपल्याकडेही आहे. निळ्या गोलात एक तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंगला मनाई, लाल फुली म्हणजे थांबायलाच मनाई. पण विकत आणून भिंतीवर ठोकलीत तर ती शोभेची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे असं चिन्ह लावायचा अधिकार सरकार आणि त्यांनी नेमलेल्यांचा.
तेव्हा आधी सिटी सर्व्हेत जाऊन बोळ कोणाचा ते बघा. सामायिक खासगी असेल तर सगळ्या मालकांच्या संमतीने तोंडाशी साखळी लावता येईल. पालिकेचा असेल आणि तुम्ही खांब रोवलेत, तर अतिक्रमण तुमचंच. मग शेजारच्या दुकानदारांच्या सह्या घेऊन वाहतूक शाखेकडे अर्ज करा. मनाई जाहीर झाली की दंड पहिल्यांदा ५००, पुढे १५००. फक्त एक लक्षात ठेवा, फुली लागली तर तुमचा टेम्पोही थांबू शकणार नाही. माल उतरवायची वेळ अर्जातच मागून घ्या.

शनिवारचा_बाळ: एवढं करेपर्यंत दुकान मुलाच्या नावावर होईल.

कुंडीप्रेमी: मोठ्या कुंड्या ठेवा. जास्वंद लावा, पूजेलाही होते.

घारुअण्णा_धाकटे: कुंड्या चोरीला जातात. आधी कुंडी, मग माती.

विसराळू_विष्णू: सगळं वाचलं नाही, पण टायरमध्ये सिमेंट भरून बघा. स्वस्त पडतं.

जुनाजाणता: तेच तर सांगतोय!

पेठेतला_कापडवाला: आभार मंडळी. साळसूद, तुमचं ऐकून नकाशा बघितला. बोळ पालिकेचाच निघाला. अर्ज लिहायलाही घेतला होता, पण टेम्पोला ठरलेली वेळ म्हटल्यावर वडील बिथरले. भिवंडीहून निघालेला टेम्पो घड्याळ बघून येत नाही म्हणाले. त्यांनी घरातली जुनी चेतक काढून शटरसमोर आडवी लावलीय. माल आला की ढकलायची. खर्च शून्य.

साळसूद: म्हणजे आता बोळातली अडचण तुम्हीच.

पेठेतला_कापडवाला: हो. आणि हँडल लॉक तुटलंय, त्यामुळे काल कोणीतरी तीच बाजूला ढकलून आपली ॲक्टिव्हा लावून गेलं.

जुनाजाणता: स्टेपनीत सिमेंट ओता.