मोगली आधी पुस्तकात की आधी टीव्हीवर?

(चौघांमधली चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नदीकाठची शाळा

पवनीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवतो. वर्गात टीव्ही आला तेव्हा पोरांना सगळ्यात आधी जपानी ‘जंगल बुक’ मालिका दाखवली. आपल्या लहानपणी दूरदर्शनवर लागायची तीच. पोरं हरखून गेली. मग ती मालिका ज्याच्यावरून निघाली त्या रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद वाचायला घेतला, तर पहिल्याच दिवशी प्रश्न आला, “सर, बूमरँग कधी येते?” मालिकेतल्या मोगलीचं ते फेकायचं हत्यार पुस्तकात नाहीच. पोरं आठवडाभर त्याचीच वाट पाहत बसली आणि मग कंटाळली.

यंदा उलट केलं. आधी पुस्तक, रोज मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास, मोठ्यानं. शेरखान वाघ मरतो तो प्रसंग घ्या. लांडग्यांत वाढलेला मोगली आता गावात म्हशी राखतोय. शेरखान खाऊन-पिऊन नाल्यात पडलाय. अकेला नावाचा लांडगा कळप फोडतो, म्हशी आणि पारडी एकीकडे, हेले एकीकडे. नाल्याचं खालचं तोंड म्हशींनी अडवायचं, वरून हेले सोडायचे. इथं मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, वाघ आता कोणाच्या अंगावर जाईल? सुट्टीच्या दिवशी म्हशी चारणारा एक पोरगा आहे, वर्गात तोंड उघडत नाही. तो म्हणाला, “हेल्याइकडं जाईल सर. पारडूवाली म्हैस लय खराब.”

पान उघडून पुढचं वाक्य वाचलं. शेरखान वळतो, कारण पिल्लांसकटच्या म्हशींपेक्षा हेले परवडले हे वाघाला ठाऊक असतं. पोरगा बाकावर उभाच राहिला.

पडद्यावर वाघ आधीच वळलेला दिसतो. तो कुठं वळेल याचा विचार करायला पोराला जागाच राहत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, बालकादंबरीवरची मालिका पुस्तकाआधी दाखवू नये.

धानाचा बांध

सर, राग नका मानू, पण आमच्या गावात पुस्तक होतं कुठं? १९९३-९४ ची गोष्ट सांगून राहिलो. गावात एकच टीव्ही, तोही काळापांढरा. रविवारी सकाळी सारे पोट्टे त्या घरच्या ओसरीत. लाइन गेली तं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत. शेरखानले आवाज नाना पाटेकरचा होता हे मले लय मागून समजलं, पण तो आवाज ऐकला की रात्री सांदवाडीत जायची हिंमत नव्हती होत. गुलजारचं ते चड्डीवालं गाणं रोवणीच्या चिखलात म्हटलं आम्ही.

पुस्तक पाह्यलं ते पंचविशीत, तालुक्याच्या वाचनालयात. कपाटातून काढलं काहून? तं त्याच्यावर मोगली लिहिलं होतं म्हणून. मालिका नसती तं तो माणूस मले ओळखीचाच नसता. तुमच्या वर्गात वाचून दाखवणारा सर आहे, साऱ्याइच्या नशिबात नसते तो.

पेंचकाठ

मी सरांच्या बाजूनं. कारण वेगळं आहे. या पुस्तकातली नदी वैनगंगा आहे, मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या डोंगरातली. तीच आपल्या गोंदिया-भंडाऱ्यातून पुढं गडचिरोलीपर्यंत जाते. दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची गोष्ट आहे. मोगली कोळसूनांच्या टोळीला चिडवत पळवतो आणि नदीच्या कड्यावरच्या मधमाश्यांत नेऊन घालतो. आग्यामोहोळ उठलं की काय होतं हे आपल्या पोरांना कोणी चित्र काढून सांगायची गरज नाही. किंवा शेरखान जन्माचा लंगडा आहे, म्हणून तो गुरांवर येतो. हे तर आमच्या गावचा कोणीही म्हातारा सांगेल.

मालिका काढणाऱ्यांनी काढलं ते कोणतंही जंगल. साग ओळखू येत नाही, मोह ओळखू येत नाही. आपल्या पोरांना त्यांचंच रान परकं करून दाखवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

मोहफूल

पेंचकाठ, ‘आपलं रान’ म्हणताना जरा थांबा. १८९४ चं पुस्तक, आणि मोगलीच्या गोष्टी किपलिंगनं लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटला राहून. मी गडचिरोलीत शिकवते, माझ्या वर्गात अर्धी मुलं गोंड आहेत. त्यांनी या पुस्तकात स्वतःला शोधलं तर काय सापडतं? काळा, ठेंगणा, जंगलातून येऊन जाणारा शिकारी. गावकरी कसे, तर मोगलीला सांभाळणाऱ्या मेसुआला चेटकीण म्हणून जाळायला निघालेले. आणि तिचा नवरा न्याय मागायला कोणाकडे जायचं म्हणतो? इंग्रजांकडे. नऊ-दहा वर्षांच्या मुलासमोर हे मोठ्यानं वाचताना माझा आवाज अडकतो.

रूपांतर करणाऱ्याला हे गाळायचा हक्क आहे, मी तर म्हणेन त्याचं ते कामच आहे. पुस्तक जुनं झालं म्हणून त्याला शेंदूर फासायचा नाही.

आणि चांगलं रूपांतर गावही देतं. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही आर. के. नारायण यांची १९३५ ची कादंबरी, तिच्यातलं मालगुडी गाव नकाशात कुठंच नाही. शंकर नाग यांनी १९८६ मध्ये ‘मालगुडी डेज’ ही टीव्ही मालिका केली तेव्हा कर्नाटकातल्या आगुंबेला जाऊन त्या गावाला खरी गल्ली, खरा पाऊस मिळवून दिला. तो स्वामी पाहून कोणाचं पुस्तक मेलं?

पेंचकाठ

मग तुम्हीच माझा मुद्दा मांडला. नारायण यांच्या खोट्या गावाला खरी माती मिळाली. किपलिंगच्या खऱ्या नदीची खोटी झाली. माझी तक्रार एवढीच आहे.

नदीकाठची शाळा

मोहफूल, मेसुआचा भाग मी वर्गात वाचला नाही, गाळला. म्हणजे मीही रूपांतरच केलं, हे तुमचं वाचल्यावर ध्यानात आलं. ते मान्य. पण मी गाळताना पोरांची तोंडं पाहत होतो. पडद्याला ती दिसत नाहीत. म्हणून ‘आधी पुस्तक’ हे मी सोडणार नाही.

धानाचा बांध, तुमच्यापुढं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ज्या गावात पुस्तक पोचलंच नाही तिथं मी कोण ‘दाखवू नये’ म्हणणारा! ज्या शाळेत वाचणारा माणूस आहे, त्या शाळेपुरतंच माझं म्हणणं धरा.

धानाचा बांध

हाव, एवढं असंन तं पटते. माझी पोरगी पाचवीत आहे, मोबाइलवर मोगली पाहून झाला तिचा. तो नाल्याचा भाग तुमच्या आवाजात भरून पाठवता का? थांबून प्रश्न विचारता ना, तो तेवढा राहू द्या. घरी दोन म्हशी आहेत, एक आताच व्याली. पाहू, पोरगी काय सांगते.

नदीकाठची शाळा

शनिवारी सकाळची शाळा सुटली की भरतो. उत्तर देणाऱ्या पोराला सोबत बसवतो, पण तिचं उत्तर येईपर्यंत त्याला गप्प राहायला सांगतो.