स्पोर्ट्स सेडानमध्ये गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह निवडायचा हक्क कुठे गेला?

पलासियाकर
गेल्या आठवड्यात एक महागडी स्पोर्ट्स सेडान बघायला गेलो होतो. सीटच्या कातड्याचे तुकडे हातात दिले, रंग दाखवले, शिलाईचा दोरा कोणत्या रंगाचा हवा तेही विचारलं. गिअरबॉक्सचं विचारलं तर उत्तर आलं, "एकच येतो."

आपल्याकडची बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्या. ओळीतले सहा सिलिंडर, ३ लिटर, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायची ताकद. इंजिन म्हणजे लोणी! पण ८ स्पीड ऑटोमॅटिक आणि ऑल व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना), दुसरं काही मागायचं नाही. फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी हवी तर ३३०एलआय, म्हणजे चारच सिलिंडर आणि वर लांबवलेला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर. क्लच दोन्हीत नाही.

माझी जुनी मॅन्युअल सेडान मी दर रविवारी इंदूरच्या खंडवा रोडला काढतो. सिमरोलच्या पुढे घाट उतरताना तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात टाकायचं, ब्रेकवरचा पाय न काढता टाचेनं ॲक्सिलरेटर टेकवायचा आणि मग क्लच सोडायचा. जमलं तर गाडी जराही हिसका न देता वळणात शिरते. हे जमायला मला दोन वर्षं लागली. एवढे पैसे मोजून नेमकं हेच घरी ठेवून यायचं?

महूवाला
दादा, आकडे बघा. बीएमडब्ल्यूच्याच २०२१ च्या एम३ मध्ये ६ स्पीड मॅन्युअल आहे: ४८० अश्वशक्ती, शून्यापासून ताशी शंभरला ४.२ सेकंद. तिचीच जास्त ताकदीची ऑटोमॅटिक आवृत्ती 'काँपिटिशन' ५१० ची, ३.९. त्यातच ऑल व्हील ड्राइव्ह घेतला की ३.५. टॉर्क मॅन्युअलमध्ये ५५०, काँपिटिशनमध्ये ६५०. स्पोर्ट्स कार वेगासाठीच घेतात ना? शिवाय प्रत्येक इंजिन-गिअरबॉक्स जोडीची उत्सर्जन चाचणी वेगळी करावी लागते. चार गिऱ्हाइकांसाठी हा खर्च कोण करेल?

पलासियाकर
सेकंद मोजायला आपल्याजवळ पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा ट्रॅक. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी गाडी चालवतो ती रस्त्यावर. तिथे ०.७ सेकंदाचा मला काय उपयोग? आणि तुमच्याच उदाहरणात मॅन्युअल हवी असेल तर कमी ताकदीचं इंजिन घ्यावं लागतं, ऑल व्हील ड्राइव्ह तर मिळतच नाही. माझी तक्रार हीच आहे.

काळी माती
ऑल व्हील ड्राइव्हच्या बाजूने मी बोलतो. सोयाबीनच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातून डांबरावर चढतो आणि चाकाची माती रस्त्यावर सोडून जातो. वर शिंतोडे आले की तो पट्टा साबण लावल्यासारखा होतो. देपालपूर रोडवर माझ्या मागच्या चाकांच्या गाडीची शेपूट अशीच बाजूला गेली होती. चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल होता म्हणून निभावलं. ५०० न्यूटन-मीटर दोनच चाकांवर? माझ्या मुलाच्या हातात मी देणार नाही.

तिलकनगर
माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. पलासिया ते विजयनगर जाताना क्लच किती वेळा दाबावा लागतो, मोजून बघा. वेगवान गाडी मलाही आवडते. ऑटोमॅटिक आली म्हणून मी अजून चालवते आहे. "खऱ्या चालकाला क्लचच हवा" असं कोणी लिहिलं की वाईट वाटतं.

पलासियाकर
ताई, तसं मी म्हटलेलं नाही, आणि कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. तुमची ऑटोमॅटिक राहिलीच पाहिजे. तिच्या शेजारी माझीही एक असावी, एवढंच मागणं आहे. ऑर्डर देऊन, जास्त पैसे भरून, सहा महिने थांबून घेईन. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन गाडी घेतली तेव्हा तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडून बनवून घेतली होती. तेवढी ऐपत माझी नाही, पण यादीतल्या दोन गिअरबॉक्समधून एक निवडायला राजा असावं लागू नये.

अशक्य आहे असंही नाही. २०२३ मध्ये भारतात आलेल्या बीएमडब्ल्यू एम२ ला ६ स्पीड मॅन्युअल मिळतोच की.

महूवाला
एम२ दोन दारांची, परदेशातून पूर्ण बनून येते. एम३४०आय चेन्नईत जोडली जाते. तिथे मॅन्युअल आणायची तर पेडलपासून प्रॉपशाफ्टपर्यंत (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) वेगळे सुटे भाग आणि वेगळी तयारी. वर्षाला मोजक्या गाड्यांसाठी हे परवडत नाही भिया.

पलासियाकर
हे पटलं. मग चेन्नईचं राहू द्या, मागच्या चाकांची मॅन्युअल एम३ पूर्ण बनूनच येऊ द्या, एम२ सारखी. ड्युटी धरून जी किंमत होईल ती होईल. बुकिंग उघडलं की पहिला चेक माझा.