शब्दचर्चा : समुपदेशन, मानसोपचार, आघात, धसका

प्रश्न
ग्रामीण रुग्णालयात वाटायला एक पानी माहितीपत्रक करतेय. घरातलं माणूस गेल्यावर, अपघातानंतर किंवा सततच्या ताणामुळे होणाऱ्या त्रासावर बोलण्यातून जे उपचार होतात, त्यांची माहिती द्यायची आहे. 'टॉक थेरपी'ला काय म्हणावं? मी 'समुपदेशन' लिहिलं, तर आशाताई म्हणाल्या, "बाया यायच्या नाहीत. उपदेश घरी काय कमी मिळतो?" 'ट्रॉमा' आणि 'होलिस्टिक' यांनाही शब्द सुचवा.

प्रतिसाद
आशाताईंचं म्हणणं खरं आहे. 'समुपदेशन' म्हटलं की लोकांना दहावीनंतरचं मार्गदर्शन नाहीतर कुटुंब न्यायालयातली समेटाची बोलणी आठवतात. दोन्हीकडे समोरचा सांगतो आणि आपण ऐकतो. या उपचारात नेमकं उलट आहे.

मूळ इंग्रजी नाव एका रुग्ण बाईनेच दिलेलं आहे. व्हिएन्नात १८८०–८२ च्या सुमारास डॉ. योझेफ ब्रॉयर यांच्याकडे बेर्था पापेनहाइम ही तरुणी उपचार घेत होती. आजारात तिची मातृभाषा जर्मन तोंडातून येईनाशी झाली, ती इंग्रजीतच बोलायची आणि त्या बोलण्याला तिने 'टॉकिंग क्युअर' म्हटलं. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ च्या पुस्तकात 'आना ओ.' या बदललेल्या नावाने जिची हकीकत येते, ती हीच. मात्र त्यानंतरही तिला उपचारगृहात राहावं लागलं होतं. तेव्हा 'बोललं की बरं वाटतं' एवढंच लिहून थांबू नका. कुणाला सोबत औषधंही लागतात, हे पत्रकात यायलाच हवं.

प्रतिसाद
'मानसोपचार' का नको? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली ती 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावानेच. तीही बोलण्यातूनच चालते. पण गावात 'मानसोपचार' म्हणजे शॉक आणि गोळ्या, हेही खरं. 'बोलून होणारे उपचार' असंच लिहा, कुणाला कोश उघडावा लागणार नाही.

प्रतिसाद
'ट्रॉमा'बद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. कोशात 'आघात' आहे. तो घडतो त्या घटनेला ठीक. पण मागे उरतं त्याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे : धसका.

माझं आजोळ औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. रात्री रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि भांडी थरथरली की मावशी आजही उठून अंगणात येऊन उभी राहते. "भूकंपाचा धसका बसलाय," एवढंच म्हणते. 'आघात' हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही.

क्रियापद मात्र सांभाळा. 'धसका घेतला' म्हटलं की दोष त्या माणसाकडे जातो, जणू त्याने न घेतला तरी चाललं असतं. 'धसका बसला' म्हणताना तसं होत नाही. पत्रकात 'बसला'च लिहा, कळकळीने सांगतो.

प्रतिसाद
'होलिस्टिक'साठी 'समग्र', 'सर्वांगीण' दोन्ही सरकारी योजनांनी वापरून बोथट झालेत. 'साकल्याने' सुंदर आहे, पण ते 'विचार करणे'ला जोडूनच शोभतं. त्यापेक्षा झोप, जेवण, अंगदुखी, घरची परिस्थिती, सगळं विचारात घेतलं जातं, असं सरळ सांगा.

आणि 'शोक-समुपदेशन' कृपा करून नको. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, बोलायला माणूस लागतो तो त्यानंतर. तेच लिहा.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. मसुदा असा झालाय :

"घरातलं माणूस गेलं, तेरावा झाला, पाहुणे परतले आणि आता झोप लागत नाही? एखाद्या गोष्टीचा धसका बसलाय? इथे तुमचं ऐकून घेणारं प्रशिक्षित माणूस आहे. झोप, जेवण, घरचं सगळं विचारलं जाईल. गरज असेल तर डॉक्टर औषधही देतील. तुमचं बोलणं गुप्त राहील. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस : १४४१६."

प्रतिसाद
फार छान. फक्त 'गुप्त' काढा, ताई. एसटी स्टँडच्या भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींनी तो शब्द नासवलाय. 'तुमचं बोलणं दुसऱ्या कुणाला सांगितलं जाणार नाही' असं लिहा. आणि छापण्याआधी एकदा आशाताईंना मोठ्याने वाचायला लावा.