साडेसहा आणि पावणेचार वर्षांची मुलं, नवा ओटीजी: घरी काय भाजायला घ्यावं? (इंदूर)

राजेंद्रनगरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा साडेसहाचा, मुलगी पावणेचारची. दिवाळीत ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, घेतला आणि नाताळच्या सुट्टीत दोघांना हाताशी घेऊन पहिला केक केला. दही आणि खायचा सोडा घालून, बिनअंड्याचा. सासूबाई अंडं खात नाहीत आणि स्वयंपाकघर एकच, त्यामुळे अंड्याचा प्रश्नच नाही.

एकटीने करते तेव्हा हाच केक छान फुलतो. या वेळी बसका झाला, वरून तडकलेला आणि आत चिवट. तेही चाललं असतं, पण घोटायची पाळी कोणाची यावरून दोघांची जुंपली, वाटीभर मैदा जमिनीवर गेला आणि मी धाकटीवर जोरात ओरडले. ती हुंदके देतच झोपली. ते अजून मनातून जात नाही.

लहान मुलांना घेऊन नियमित बेकिंग करणारे कोणी असाल तर सांगा, कोणत्या पदार्थापासून सुरुवात करू? दोघांना दोन कामं कशी द्यायची? आणि केक नेमका कशाने बिघडला असेल?

रामबागची_आजी

अगं, आधी ओट्यावरून खाली उतर. जमिनीवर जुनी चादर अंथर, मध्ये मोठी परात ठेव आणि तिघं मांडी घालून बसा. ओट्यापाशी मुलं स्टुलावर चढतात, एकमेकांना ढकलतात आणि तुझं अर्धं लक्ष कोण पडतंय याकडे राहतं. परातीभोवती सगळ्यांचे हात सारखे पोचतात. सांडलेलं पीठ चादरीसकट उचलून झटकता येतं.

आणि नानखटाई कर. माझ्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. तूप, साखर, मैदा डब्यात भरून आम्ही भट्टीवर न्यायचो आणि गरम नानखटायांचा डबा पोटाशी धरून घरी यायचो. आता नातवंडांबरोबर घरीच करते. माझं प्रमाण लिहून घे: मैदा १५० ग्रॅम, बेसन ५०, बारीक रवा २५, पिठीसाखर १००, साजूक तूप १२०, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. छोट्या लिंबाएवढ्या वीस-बावीस होतात.

तूप आधी साखरेबरोबर हाताने फेस. पांढरं आणि हलकं झालं पाहिजे. आत्ता थंडीत तूप थिजलेलं असतं, तेच हवं. उन्हाळ्यात पातळ तुपाची केलीस तर ताटलीत पसरून पोळी होते, म्हणून तेव्हा तूप थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून दाणेदार होऊ द्यायचं. गोळे जरा लांब लांब ठेव. १६० ते १७० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. रंग फार येऊ देऊ नकोस. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, कच्च्या राहिल्या असं वाटून परत आत घालू नकोस. निवल्यावर खुसखुशीत होतात.

धाकटीला वरून तीळ लावायला दे. संक्रांत आलीच आहे. बोटाने दाबायचं काम त्या वयाला फार आवडतं, आणि बोटाचा खड्डा भाजल्यावरही तसाच दिसतो. माझी नात आपला खड्डा बरोबर ओळखते.

पावभट्टी

केक का बिघडला ते सांगतो, कारण हीच चूक मी दोन वर्षं करत होतो.

खायचा सोडा आणि दही एकत्र आले की त्याच क्षणी वायू सुटायला लागतो. तुम्ही एकट्या करता तेव्हा मिश्रण पाच मिनिटांत ओव्हनमध्ये जातं आणि बुडबुडे आतच अडकून फुलतात. मुलांबरोबर पाळ्या, भांडण, हात पुसणं यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. तोवर वायू उडून गेलेला असतो. त्यात दोघांनी हौसेने घोटलं. ओला झालेला मैदा जितका घोटाल तितका त्यातला चिकटपणा वाढतो. पोळीच्या कणकेला तो हवा असतो, केक त्याने चिवट होतो. मुलांचा यात काहीच दोष नाही. त्यांनी मन लावून घोटलं, पण घोटायला पदार्थ चुकीचा मिळाला.

केकच करायचा असेल तर क्रम बदला. कोरडं साहित्य एका पातेल्यात (सोडा यातच), दही-तेल-साखर दुसऱ्यात. मुलांना या दोन्हीत हवं तेवढं चाळू द्या, ढवळू द्या. ओव्हन तापला आणि टिनला तूप लागलं की मगच दोन्ही एकत्र करा, आणि तेवढं काम तुम्ही करा. वीस-पंचवीस वेळा हलक्या हाताने वरखाली केलं की पुरे, एखाददुसरी गुठळी राहिली तरी चालते.

पण माझा खरा सल्ला पावाचा आहे. पावाच्या पिठाला मळणं हवंच असतं. मुलगा कंटाळेपर्यंत मळेल, आपटेल, ओढेल आणि पाव त्यानेच चांगला होईल. पाव किलो मैदा (निम्मी कणीक चालते, मग पाणी थोडं जास्त), एक सपाट चमचा इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा साखर, पाऊण चमचा मीठ, दीडशे मिली कोमट दूध-पाणी, आणि शेवटी २० ग्रॅम लोणी. कोमट म्हणजे मनगटावर टाकलं तर ना गार ना गरम. कढत पाण्यात यीस्ट मरतं. दहा-बारा मिनिटं मळायचं. सुरुवातीला हाताला चिकटेल, तेव्हा मैदा घालत बसू नका. मळता मळता सुटतं.

मे महिन्यात इंदूरला पाऊण तासात पीठ दुप्पट होतं. आत्ता जानेवारीत दीड-दोन तास लागतील. बंद ओटीजीत पीठाच्या भांड्याशेजारी गरम पाण्याची वाटी ठेवा, बटण मात्र चालू करू नका. काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात ठेवून बाहेरून पीठाच्या पातळीला रबरबँड लावा. माझा मुलगा दर दहा मिनिटांनी पळत जाऊन बघायचा आणि ओरडत यायचा, "बाबा, रबरबँडच्या वर आलं!" थोपटून हवा काढायची, आठ-नऊ गोळे करून परत फुलू द्यायचे आणि १८० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. काढल्याबरोबर वर लोणी फिरवायचं. एखाद्या गोळ्याचं कासव झालं, साप झाला तरी काही बिघडत नाही, फक्त सगळे साधारण एकाच मापाचे असू द्या, नाहीतर बारकी शेपूट करपते.

सुदामानगर_बाबा

वर सगळं छान सांगितलंय, मी दोन-तीन काळजीच्या गोष्टी लिहितो.

ओटीजीची काच आणि बाहेरचा पत्रासुद्धा चांगलाच तापतो, आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतो. आमच्याकडे ओव्हनपासून दोन हातांवर खडूने रेघ आखलेली आहे. रेघेच्या आत फक्त मोठी माणसं. ही रेघ दर वेळी मुलीच आखतात, त्यामुळे पाळतातही त्याच.

कच्चं मिश्रण चाटू देऊ नका, बिनअंड्याचं असलं तरी. कच्च्या मैद्यातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. ते भाजल्यावर मरतात. त्या वेळी तोंडात टाकायला मनुका द्या. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे बदाम-काजू नकोत, घशात अडकतात. भरड पूड करून घाला.

छप्पनची_खवय्यी

एक विचारू? आमच्याकडे ओटीजी नाही. बाटीचा गॅस तंदूर आहे, तो ॲल्युमिनियमचा गोल. त्यात नानखटाई होईल का?

रामबागची_आजी

होते की! ओटीजी येईपर्यंत मी त्यातच करत होते. आच अगदी मंद ठेव, झाकण लावून आधी दहा मिनिटं तापू दे. नानखटाई थेट जाळीवर नको, जाड बुडाच्या ताटलीत ठेव, नाहीतर खालून जळते. अंशांचा हिशेब त्यात नसतो, म्हणून आधी एकच भाजून बघ आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिहून ठेव. पुढच्या खेपेला तोच तुझा काटा.

वजनकाटा

सामानाबद्दल थोडं. मैदा, बेसन, वेलदोडे सियागंजच्या घाऊक बाजारातून घेतलेत तर भरपूर मिळतात, पण यीस्ट आणि बेकिंग पावडर लहान पाकिटंच घ्या. उघडलेलं यीस्ट हवाबंद डबीत, फ्रीजमध्ये. टिन आणि ताटल्या राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात बघा, ओटीजीच्या आतलं माप मोजून न्या.

पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर डिजिटल वजनकाटा घ्या. थोरल्याचं कायमचं काम ठरून जाईल. साडेसहाच्या मुलाला आकडे वाचता येतात. १५० दिसेपर्यंत चमच्याचमच्याने मैदा घालत राहणं त्याला खेळासारखं वाटतं. आमचा लेक १४८ वर श्वास रोखून थांबतो. ताटली ठेवून काटा परत शून्यावर कसा आणायचा, एवढं एकदा शिकवा. वजन त्याच्याकडे, गोळे दाबणं तिच्याकडे, म्हणजे पाळीचा प्रश्नच येत नाही.

राजेंद्रनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी आजींच्या प्रमाणाने नानखटाई केली, चादर अंथरून, परात मध्ये ठेवून. दादाने वजन केलं, दोघांनी मिळून तूप फेसलं, धाकटीने तीळ लावले. पहिला घाणा मी दोन मिनिटं जास्त ठेवला, कडा तांबूस झाल्या. दुसरा अगदी हवा तसा आला. रेघ तिनेच आखली आणि आजीलाही आत येऊ देईना.

सासूबाई अर्धा वेळ दारात उभ्या होत्या. मग खाली बसल्या आणि गोळे वळायला लागल्या. एकवीस झाल्या. त्यातल्या दोन धाकटीने रुमालात बांधून उशाशी ठेवल्या होत्या, सकाळी शाळेत न्यायला.

पावभट्टी, यीस्ट आणलंय, रविवारी पाव करतो. घरी कणीक शरबती गव्हाची आहे, निम्मी घातली तर पाणी किती वाढवू?

पावभट्टी

आधी दीडशे मिलीच घाला आणि पीठ झाकून दहा मिनिटं ठेवा. कणीक पाणी सावकाश पिते. मग घट्ट वाटलं तर एकेक चमचा करत वाढवा, साधारण दोन चमचे लागतात. पोळीच्या कणकेपेक्षा सैल राहिलं पाहिजे.