तातडीने मदत हवी: कॅप निघाली, दवाखाना भाऊबीजेपर्यंत बंद

कृष्णाकाठ: शंकरपाळं चावताना कॅप निघाली. कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आधीच येऊन पडलाय: ‘शुभ दीपावली. दवाखाना भाऊबीजेपर्यंत बंद. कडक, चिकट फराळ जपून खा. खाल्ल्यावर चूळ भरा. रात्रीचा ब्रश चुकवू नका.’ खाली पणती. चूळ भरून कॅप बसते का? फोनही उचलत नाहीत. घरात फेविक्विक आहे. लावू का? हो की नाही एवढंच सांगा, उद्या पाडवा आहे, पाहुणे येणार आहेत.

मोलर: नाही. दातांचाच डॉक्टर आहे म्हणून विचारतो: कुठला दात? रूट कॅनाल झालंय का? दुखतंय का? आणि कॅप उलटी करून आत बघा, पोकळ आहे की काही अडकलंय?

लवंगलता: कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घेऊन दाबून धरा. माझ्या सासूबाई आयुष्यभर हेच करत आल्या.

मोलर: दुखतंय असं त्यांनी कुठे म्हटलंय? आणि नुसतं तेल हिरडीला लागलं तर भाजतं.

पम्या पुणेकर: फेविक्विकला एवढं काय घाबरायचं? टाक्यांऐवजी डॉक्टर लोक तोच गोंद लावतात. आमच्या नातवाच्या कपाळाला लावला होता.

मोलर: काका, तो ब्यूटिल किंवा ऑक्टिल सायनोॲक्रिलेट असतो. वाण्याकडच्या ट्यूबमधला इथिल. कडक होताना तापतो आणि तोंडातल्या ओलाव्यात क्षणात घट्ट होतो, म्हणजे कॅप नीट बसवायला वेळच मिळत नाही. केसभर उंच बसली की चावताना सगळा भार तिथेच येतो. मग ती आम्हाला कापून काढावी लागते. साधी निघालेली कॅप बऱ्याचदा पुन्हा चिकटवता येते, गोंदाने ती संधीही जाते.

जर्सीकर: आमच्याकडे फार्मसीत टेम्पररी सिमेंटची डबी मिळते. आणा आणि लावून टाका.

पम्या पुणेकर: लक्ष्मीपूजनाच्या दिवशी न्यू जर्सीहून आणायची का?

सुगरण नंबर २: मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. शंकरपाळे एवढे कडक झालेच कसे? मोहन कमी पडलं असणार. मैद्यात मोहन घालून मूठ वळली की ती सुटता कामा नये. आणि तळताना आच मंद हवी, मोठ्या आचेवर वरून लाल आणि आतून दगड होतात.

कृष्णाकाठ: शंकरपाळे विकतचे आहेत. डावीकडची खालची दाढ. रूट कॅनाल बऱ्याच वर्षांपूर्वी झालंय. दुखत नाही. आता सांगा.

मोलर: आत पोकळ की भरलेली?

मुंबईचा मुलगा: नायर डेंटलला जा, मुंबई सेंट्रल. स्वस्त आणि मस्त.

बांबोळी: किंवा आमचं गोवा डेंटल कॉलेज. पण सणाला ओपीडी आहे का ते फोन करून बघा.

कृष्णाकाठ: मी सांगलीत आहे! आयडीवरून कळत नाही का?

वाईकर: कृष्णा वाईलाही आहे आणि कऱ्हाडलाही.

कृष्णाकाठ: बरं. आत तपकिरी तुकडा घट्ट बसलाय, टोकाला तुटल्यासारखा. आई म्हणते तिला जिभेला धारदार लागतंय.

मोलर: आई?

कृष्णाकाठ: कॅप आईचीच आहे. माझी असं मी कुठे लिहिलंय?

मोलर: अहो! वय? साखर? कुठल्या गोळ्या चालू आहेत?

कृष्णाकाठ: चौऱ्याहत्तर. साखर आहे, गोळ्यांवर ताब्यात आहे. अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

पम्या पुणेकर: मग दात काढायचा असेल तर ती गोळी आजपासूनच बंद करा. आमच्या साडूंनी केली होती.

मोलर: काका, कृपा करून नको. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्या माणसाने ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायची नसते. दाताच्या जागचं रक्त गॉज दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तिथे गॉज दाबता येत नाही. थांबवायची का हे हृदयाचे डॉक्टर आणि दात काढणारा डॉक्टर मिळून ठरवतील. साध्या दातासाठी बहुतेक वेळा थांबवतच नाहीत.

कृष्णाकाठ, आतला तुकडा बहुतेक दातच आहे. रूट कॅनाल झालेल्या दातात नस नसते, त्यामुळे कॅपच्या कडेखाली कीड लागली तरी दुखत नाही, कळतं ते असं. म्हणजे ही कॅप सिमेंटनेही टिकणार नाही. एक्स-रे काढून मुळं शाबूत असतील तर पोस्ट (मुळात बसवायची आधाराची दांडी) घालून नवी कॅप, नाहीतर दात काढावा लागेल. तोवर कॅप डबीत ठेवा, तोंडात परत बसवू नका, झोपेत गिळली जाईल. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा, घास उजवीकडून. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला तर भाऊबीजेची वाट बघायची नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी.

लवंगलता: म्हणजे लवंग चालेल ना?

तेलगुळणी: सकाळी अनशापोटी तिळाचं तेल तोंडात घोळवलं असतं तर ही वेळच आली नसती.

मोलर: तेलाने कॅपखालची कीड निघत नाही. फ्लोराइडची पेस्ट आणि कॅपच्या कडेने फ्लॉस, एवढं केलं तरी पुष्कळ.

मिरजेचा: सांगलीत राहून दवाखाना सापडत नाही? मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव. मेडिकल स्टोअरवाल्याला विचारा, कुठले डॉक्टर सणात बसतात ते त्याला बरोबर ठाऊक असतं.

कृष्णाकाठ: विचारलं. एक जण संध्याकाळी बघतो म्हणाले, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बोलावलंय. फेविक्विक बायकोने लपवलंय.

सुगरण नंबर २: आईंना दुधात भिजवलेला अनारसा द्या, चावावा लागत नाही.

मोलर: साखर आहे त्यांना.

पम्या पुणेकर: डॉक्टर, आलाच आहात तर माझी अक्कलदाढ गेले काही दिवस ठणकतेय. काढावी का?

मोलर: एक्स-रे काढलाय का?