श्रीमंतांच्या चांगुलपणावर गरिबाचं भागतं का?

करीरोडचा_हिशेबनीस

मंडळी, एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मी अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या महिन्यात सीएसआरची (कंपनीने नफ्यातून समाजकार्यावर करायच्या खर्चाची) बिलं टेबलावर आली. एका पालिका शाळेला पाण्याचे चार फिल्टर दिले. फिल्टर चांगले आहेत, पोरं पाणी पितायत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्याच फायलीत फ्लेक्स, फोटोग्राफर, नाश्ता, शाली-नारळ यांचीही बिलं होती आणि त्यांची बेरीज एका फिल्टरच्या वर गेली. त्याच आठवड्यात कॅन्टीनचं कंत्राट बदललं. आठ वर्षं चहा देणारा पोरगा (माझा बिनसाखरेचा कप त्याला कधी सांगावा लागला नाही) सोमवारी आलाच नाही. नव्या कंत्राटदाराने स्वस्तात माणसं आणली म्हणे.

आमचे मालक माणूस म्हणून वाईट नाहीत. त्या कार्यक्रमात म्हणाले, नफा आणि गरिबाचं भलं एकाच गाडीला जुंपता येतं. २००८ ला दावोसमध्ये बिल गेट्सनेही साधारण हेच मांडलं होतं. माझे बाबा गिरणीत साचे चालवायचे. १९८२ च्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत, म्हणून मालकाच्या दिलदारपणाबद्दल आमच्या घरात जरा संशयच असतो. तरी विचारतो, मोठ्या उद्योगपतींनी मनावर घेतलं तर ही भांडवलशाही गरिबाच्या कामी येते का? अनुभव सांगा. पक्षांची भांडणं नकोत.

परळची_सून

येते की. सासूबाईंची ट्रीटमेंट टाटा कॅन्सर हॉस्पिटलात झाली, जनरलची (सवलतीची) फाइल. पहाटे पाचला रांगेत उभं राहायचं, थर्मासमध्ये पेज. शेजारी बिहारहून आलेलं एक कुटुंब होतं, रात्री फुटपाथवर झोपायचं. त्यांच्या आणि आमच्या पेशंटला डॉक्टर एकच. ते हॉस्पिटल १९४१ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलं. मात्र १९५७ मध्ये केंद्र सरकारने ते हातात घेतलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे उभं केलं शेठजींनी, रोजचा गाडा सरकार ओढतंय.

आणखी एक. टाटा सन्सचे (टाटा समूहाच्या मुख्य कंपनीचे) ६६ टक्के शेअर ट्रस्टांच्या नावावर आहेत. डिव्हिडंड निघाला की पैसा आपोआप तिकडे जातो, दर वर्षी मालकाचा मूड बघावा लागत नाही. तुमच्या कंपनीत मूड बघावा लागतो, तिथेच घोडं अडतंय.

दलाल_स्ट्रीट_काका

परळची सून, दुसरी बाजूही ऐका. दान वगैरे सोडा, धंदा नीट केला तरी गरिबाचं भलं होतं. एक रुपयाची शॅम्पूची पुडी, छोट्या रकमेचं रिचार्ज, हे कुणी दयेपोटी काढलं नाही. माझी कामवाली त्या रिचार्जवर तीन घरं सांभाळते.

आणि पैसा कुठून आला हे फार उकरू नये. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला तो लेडी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीवर, अट एकच, टोल घ्यायचा नाही. त्यांचे पती सर जमशेटजी जीजीभॉय (टाटा नव्हेत) यांची बरीचशी कमाई चीनला अफू विकून झालेली. पूल मात्र आजही आपल्या पायाखाली आहे.

खाट_क्रमांक_१२

काका, तीन घरं तुमची कामवाली सांभाळते. रिचार्ज नव्हे.

मी धर्मादाय हॉस्पिटलांत पेशंटची कागदपत्रं करून देते, अकरा वर्षं झाली. चांगुलपणाचं काय होतं ते रोज बघते. हायकोर्टाची २००६ ची योजना आहे: दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत, शिवाय हॉस्पिटलच्या बिलांच्या दोन टक्के रक्कम गरीब पेशंटसाठीच्या फंडात. उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलत. बाहेर दानशूर शेठजींचा संगमरवरी पुतळा, आत काउंटरवर ठरलेलं वाक्य, "ताई, खाट नाही." परवा एक आजी आल्या. रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, घड्यांवर फाटलेलं. मी धर्मादाय आयुक्तांच्या साइटवरचा खाटांचा आकडा फोनवर काढून काउंटरवर ठेवला. वीस मिनिटांत खाट सापडली. पुतळा आजींना बघून विरघळला नाही हो.

करीरोडचा_हिशेबनीस

सगळ्यांचे आभार. ताई, नियम हवा हे पटलं, पण तो टिकायलाही हवा. गिरण्यांच्या जागेचा १९९१ चा नियम होता: एक भाग पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये तो बदलला, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेची. गिरणीत मोकळी जागा असते किती? शेड पाडली तरी तेवढी जमीन वाटणीतून बाहेर. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. बाबांना कुणी मालकाचं नाव काढलं की आजही ते तो एक शब्दच म्हणतात: मोकळी. घराच्या सोडतीचा त्यांचा फॉर्म लोखंडी कपाटात आहे, आईच्या मंगळसूत्राच्या डबीखाली.

काका, पुडीचं म्हणणं मान्य.

सीएसआरचे नफ्यातले दोन टक्के स्वतःच्या स्टाफवर खर्च करता येत नाहीत. चहावाला पोरगा तर स्टाफमध्येही नव्हता, तो कंत्राटदाराचा. पण कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी आमच्या कंपनीवर येते. म्हणून काल जुनी चलनं काढली. आठ वर्षांपैकी मधली तीन वर्षं त्याचं नावच नाही, आणि त्या प्रत्येक महिन्याच्या बिलावर "पास" म्हणून सही माझीच आहे.

त्याचा नंबर माझ्याकडे नाही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याकडे असेल, तो त्याच्याच गावचा.