उन्हाळ्यातील मत्स्यटाकी: बर्फापेक्षा पंखा बरा

उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्यासाठी मत्स्यटाकीत बर्फाचे खडे टाकावेत, असा सल्ला दिला जातो; तो मला धोक्याचा वाटतो, कारण माशांना थोड्या उष्ण पाण्यापेक्षा तापमानातील अचानक उतार अधिक बाधतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात हवा कोरडी असते. त्यामुळे झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा झोत सोडल्यास केवळ बाष्पीभवनानेच तापमान दोन-तीन अंशांनी, तेही हळूहळू, उतरते. मात्र पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून भर घालताना बोअरचे जड पाणी टाळून आरओचे वापरावे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. तेव्हा भर दुपारी वीज गेल्यास बॅटरीवरचा एअर पंप आधी सुरू करावा. गोल्डफिशला मात्र आपला उन्हाळा मुळातच मानवत नाही.